अमक्याची लोहारशाळा

मागच्या अंकात टिमगाड या जुन्या रोमन शहराच्या चौकोनी नगररचनेवर लिहिलं, त्यावर पत्रांचा ढीग आला असं म्हटलं तर खोटं ठरेल. नऊ आली. त्यातली दोन म्युच्युअल फंडांबद्दल होती, म्हणजे संपादकांकडे पाकिटांची अदलाबदल झाली असावी. उरलेल्या सातांतली सहा इथे घेतोय. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. ३१ वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. ट्रेसिंग पेपरवर रोटरिंगच्या पेनाने रेघा मारायच्या, अमोनिया प्रिंट काढायच्या, संध्याकाळी ठाण्याची लोकल पकडायची. रोमन शहरांचा नाद लागला तो रद्दीवाल्याकडे चाळीस रुपयांत मिळालेल्या नकाशांच्या एका पुस्तकापायी. त्यामुळे उत्तरं ड्राफ्ट्समनची आहेत, तशीच वाचावीत.

प्रश्न : आमची नौपाड्यातली इमारत १९७१ ची, तळमजला अधिक तीन. पुनर्विकासाला सगळे तयार आहेत, पण जिन्याखाली ४० वर्षं बसणाऱ्या इस्त्रीवाल्याचं काय करायचं, यावरून सोसायटीत दोन तट पडलेत. एक ज्येष्ठ सभासद सभेत म्हणाले, 'हे असले गळे काढणं आपल्याकडेच चालतं. बाहेरच्या जगात शहर सुधारताना असं कुणी रडत बसलं नाही.' खरंच का? (एक सभासद, नौपाडा)

तुमच्या ज्येष्ठ सभासदांना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की १९०० वर्षांपूर्वी लोक असेच रडलेत, आणि इस्त्रीवाल्याच्याच तोलामोलाच्या माणसासाठी रडलेत.

तुर्कस्तानात आज बुर्सा म्हणतात ते त्या काळचं प्रूसा. रोमन साम्राज्याच्या बिथिनिया प्रांतातलं मधल्या वकुबाचं गाव. शेजारची निकोमेडिया आणि नायकिया ही दोन मोठी शहरं, एकमेकांशी कायम ईर्ष्या करणारी, आणि प्रूसा त्यांच्याकडे मान वर करून पाहणारं. मुंबईकडे बघत मोठं झालेल्या ठाणेकराला ही भावना समजावून सांगायला नको. या प्रूसात डिओ नावाचा गावातलाच एक बडा माणूस होता. वक्ता इतका नावाजलेला की पुढे लोक त्याला 'ख्रिसॉस्टम', म्हणजे सोन्याच्या तोंडाचा, म्हणू लागले. सम्राट डोमिशियनने त्याला हद्दपार केलं होतं. इ.स. ९६ मध्ये डोमिशियनचा खून झाला आणि डिओ घरी परतला. वनवास भोगून आलेल्या माणसाला गावासाठी काहीतरी करून दाखवायची भारी हौस असते. याने ठरवलं की भर गावात खांबांची लांबलचक ओवरी बांधायची, म्हणजे उन्हापावसात लोक सावलीतून चालतील आणि गाव शहरासारखं दिसेल.

सभेत ठराव झाला. प्रांताच्या अधिकाऱ्याची संमती मिळाली. पैसेवाल्यांनी वर्गण्या कबूल केल्या. मग जुनी बांधकामं पाडायला सुरुवात झाली, आणि पुढचं तुम्ही तुमच्या सोसायटीवरून ओळखाल. कबूल केलेल्या वर्गण्या वसूल करायची वेळ आली तशी कुरकुर सुरू झाली. डिओने गावाचा उकिरडा केला, सगळं भुईसपाट केलं, माणसं देशोधडीला लावली, असं लोक बोलू लागले. हे आपल्याला कळतं ते डिओच्या स्वतःच्या भाषणांतून, म्हणजे आरोपीच्याच तोंडून, हे ध्यानात ठेवा. त्यातल्या एका भाषणात तो सांगतो, काही जण तर अमक्याच्या लोहारशाळेसाठी ऊर बडवत होते, चांगल्या जुन्या दिवसांची ही खूण राहिली पाहिजे म्हणून.

यावर डिओ जे बोलतो ते तुमच्या ज्येष्ठ सभासदांच्याच थाटाचं आहे. त्याचा सूर असा : वाटावं की आम्ही अथेन्सचं पार्थेनॉन पाडतोय, की सामोसचं हेराचं मंदिर, की एफेससचं आर्टेमिसचं! अहो, ही तर पडकी खोपटी होती. मेंढरं ज्या छपराखाली बांधतात ती बरी. प्रांताधिकारी गावात आला की याच खोपटांमुळे आपल्याला मान खाली घालावी लागायची.

ते भाषण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो आणि मनोमन डिओच्या बाजूचा झालो. ड्राफ्ट्समन माणूस, सरळ रेघेच्या बाजूने मत देणारच. ओवरी ही काही वाईट गोष्ट नव्हे. जून महिन्यात गोखले रोडवरून छत्री सांभाळत चाललेल्या कुणालाही विचारा.

दुसऱ्यांदा वाचताना मात्र 'अमक्याची' या शब्दावर अडलो. पार्थेनॉनचं नाव आहे, सामोसचं आहे, एफेससचं आहे. लोहाराचं नाव नाही. ते डिओला ठाऊक नव्हतं हे मला पटत नाही. सभेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असणार, कारण त्यांच्या बैलगाड्यांची धाव आणि कुऱ्हाडीची पाती तिथूनच येत असणार. नाव घेतलं असतं तर सभेत तो लोहार समोर उभा राहिला असता. 'अमक्या' म्हटलं की उरतं फक्त छप्पर, आणि छप्पर पाडता येतं.

मी हे शहाणपण दुसऱ्याला शिकवतोय असं नाही. नोकरीत तळमजल्याचे नकाशे मी किती काढले असतील याला गणती नाही. जिन्याखालच्या जागेत प्रत्येक वेळी एकच लिहिलं : 'मीटर रूम'. तिथे कोळशाची इस्त्री घेऊन बसलेला माणूस साइटवर जाताना मला रोज दिसायचा. माझाच शर्ट त्याच्याकडे असायचा.

आता तुमच्या कामाचं. गळा काढून इस्त्रीवाल्याचा फायदा नाही. तो सभासद नाही, भाडेकरू नाही, कागदावर त्याला हक्क नाही. म्हणून नकाशा मंजुरीला जाण्याआधी सर्वसाधारण सभेत ठराव करा, की तळमजल्यावर पार्किंगच्या कडेला ६ बाय ५ फुटांची जागा आणि एक प्लग पॉइंट ठेवायचा. ठरावात त्याचं नाव घाला, नुसतं 'इस्त्रीवाला' लिहू नका. मग तोच मजकूर विकासकाबरोबरच्या करारनाम्यात उतरवून घ्या. ताबा मिळाल्यावर 'बघू, करू' म्हणणारा विकासक मी पाहिलाय. नकाशावर आहे ते नाकारणारा क्वचितच पाहिला.

आणखी एक. पुढे त्याच डिओच्या एका बांधकामाचं प्रकरण प्रांताधिकारी प्लिनीकडे गेलं. विरोधकांचं म्हणणं दोन कलमी होतं : खर्चाचा हिशेब दाखवा, आणि जिथे सम्राट ट्राजनचा पुतळा आहे तिथेच याने आपली बायको आणि मुलगा यांना पुरलंय, हा सम्राटाचा अपमान आहे. प्लिनी स्वतः जाऊन पाहून आला. पुतळा ग्रंथालयात, आणि दफन ओवऱ्यांनी वेढलेल्या उघड्या चौकात. त्याने ट्राजनला पत्र धाडलं. ट्राजनचं उत्तर दोन ओळींत सांगण्यासारखं आहे : अपमानाचं सोडून दे, हिशेब मात्र तपास. तुमच्या सोसायटीच्या कमिटीच्या खोलीत हे लावायला हरकत नाही.

प्रश्न : घोडबंदर रोडवर नव्या टॉवरमध्ये राहतो. जाहिरातीत तलाव होता, नळाला टँकरचं पाणी आहे. जुन्या शहरांत आधी पाण्याची सोय करून मगच वस्ती होत असे, हे बरोबर ना? (टँकरग्रस्त, ठाणे पश्चिम)

बरोबर असतं तर बरं झालं असतं. वर निकोमेडियाचा उल्लेख आलाय. आजचं इझमित. तिथल्या लोकांनी पाणी आणायच्या कालव्यावर ३३ लाख १८ हजार सेस्टर्स (त्या काळची रोमन नाणी) खर्च केले आणि तो अर्धवट टाकला. मग दुसरा काढला, त्यावर २ लाख गेले, तोही टाकला. प्लिनी तिसऱ्यासाठी परवानगी मागतो, तेव्हा ट्राजन म्हणतो की पाणी तर आणलंच पाहिजे, पण आजवरचा पैसा कुणामुळे बुडाला तेही शोधून काढ. काम सुरू करायचं आणि सोडायचं, यात कुणी एकमेकांची तुंबडी भरली का ते पाहा.

तुमच्या टँकरचं बिल जपून ठेवा.

प्रश्न : टिमगाडवरचा लेख वाचला. तुम्ही चौकोनांचं खूप कौतुक केलंत. मी घणसोली गावातला, आगरी. आमच्या आजोबांची शेती होती तिथे आता सेक्टर आहेत. त्या चौकोनांच्या खाली आधी कुणाची जमीन होती, हे रोमन लोकांनी कुठे लिहून ठेवलंय का? (एक वाचक, वय २६, घणसोली गाव)

तुमचं पत्र आल्यावर दोन दिवस उत्तर लिहायला बसवलं नाही. कारण पुढे सांगतो.

आधी टिमगाड. अल्जीरियातलं हे शहर ट्राजनने इ.स. १०० मध्ये निवृत्त सैनिकांसाठी वसवलं. जवळजवळ २० मीटर बाजूचे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. मी कौतुक केलं ते रेघेचं. पण शंभर वर्षांच्या आतच शहर पटाबाहेर सांडलं. मोठी स्नानगृहं, बाजार, देवळं बाहेर गेली, आणि बाहेरचे रस्ते वाकडे आहेत, जमिनीचा आणि पायवाटांचा कल पाहून गेलेले. आपल्याकडे उलट झालं : वाकड्या गल्ल्यांचं गाव मध्ये राहिलं आणि पट त्याच्या भोवती पसरला.

टिमगाडच्या जमिनीचा आधीचा मालक कोण, हे सांगणारा कागद माझ्या पाहण्यात नाही. पण दुसऱ्या एका गावचा आहे, आणि तो कागद नसून संगमरवर आहे.

दक्षिण फ्रान्समध्ये ऑरेंज नावाचं गाव आहे. रोमन नाव आराउझियो. इ.स.पू. ३५ च्या सुमारास रोमच्या एका सैन्यदलातल्या निवृत्तांना तिथे वसवलं. आजूबाजूची जमीन मोजून मोठमोठ्या चौकोनांत पाडली. एकेका चौकोनाची बाजू ७१० मीटरच्या घरात, क्षेत्र सव्वाशे एकरांच्या आसपास. पुढे सम्राट व्हेस्पेशियनच्या लक्षात आलं की सरकारी जमिनी खासगी लोक बळकावून बसलेत. त्याने इ.स. ७७ मध्ये हुकूम काढला, आणि जमिनीचा नकाशा संगमरवरात कोरून चारचौघांत भिंतीवर लावला. म्हणजे आपला सात-बारा आणि गावनकाशा एकत्र, आणि तोही दगडात.

मुलगी लिऑनला असताना मी तो पाहिला. रोमन थिएटरच्या समोरच संग्रहालय आहे. थिएटर बघायला झुंबड होती. दगडी सात-बारा बघायला मी एकटा, आणि बाकावर पाय दुखतात म्हणून बसलेली बायको. भिंतीवर तुकडे जोडून लावलेत, मधे मधे भोकं. प्रत्येक चौकोनात वर पत्ता कोरलेला : मुख्य आडव्या रस्त्याच्या उजवीकडे की डावीकडे इतक्या क्रमांकावर, उभ्या रस्त्याच्या अलीकडे की पलीकडे इतक्या क्रमांकावर. 'सेक्टर ७, प्लॉट ४२' वाचायची सवय असलेल्या माणसाला ते दहा मिनिटांत वाचता येतं. त्याखाली जमिनीचा हिशेब : इतकी सैनिकांना दिली, इतकी सरकारकडे, भाडं इतकं.

आणि काही चौकोनांत लहानशी आद्याक्षरं. त्यांचा अर्थ : 'ट्रिकास्तिनींना परत'.

ट्रिकास्तिनी म्हणजे तिथली मूळची टोळी. चौकोन पडण्याआधी जमीन त्यांची होती. ती घेतली, मोजली, चांगली सैनिकांना दिली, आणि काही त्यांना परत केली. परत केलेली बरीचशी डोंगराकडची आणि हलक्या प्रतीची. मी बायकोला म्हणालो, 'अगं, हे बघ, साडेबारा टक्के!' तिने विचारलं, 'किती वर्षांनी मिळाली?' ते दगडावर नव्हतं.

नवी मुंबईची गोष्ट मी तुम्हाला सांगू नये, तुम्ही ती घरात ऐकलीय. १९७० मध्ये सिडको झाली, ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी धरल्या गेल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईच्या परिसरात पाच शेतकरी गोळीबारात गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतरची. ऑरेंजच्या दगडामागे असं काही घडलं होतं का, हे दगड सांगत नाही. तो 'परत' एवढंच म्हणतो. ट्रिकास्तिनींतल्या कुणाचंही, एकाही माणसाचं नाव त्या 'परत'पुढे नाही.

आता दोन दिवस का लागले ते. ऐंशीच्या दशकात आमच्या ऑफिसला खाडीकडच्या एका पट्ट्याच्या लेआउटचं काम होतं. गाव कुठलं ते मुद्दाम सांगत नाही. ड्रॉइंगवर गावठाण दाखवायचं म्हणजे एक वेडीवाकडी आकृती, आत तिरक्या रेघा, मधोमध स्टेन्सिलने 'गावठाण'. आतल्या घरांची, आळ्यांची, देवळाची नोंद नाही, कारण आम्हाला काम होतं ते त्या आकृतीच्या बाहेर. मोजणीवाल्यांबरोबर साइटवर गेलो होतो. बांधावर एक म्हातारी बसली होती, पुढ्यात वाळत घातलेली जवळा-करंदी. तिने माझ्या हातातला नकाशा ओढून घेतला, उलटा धरून पाहिला आणि विचारलं, 'ही रेघ कशाची? आनि आमची उघारी कुठं हाय?'

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. भरती आली की बंद व्हायचं, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडायचं. त्या एका दारावर सगळी खलाटी, म्हणजे खाडीकाठची सखल शेती, पिकायची. तिने बोटाने जागा दाखवली. मी पेन्सिलने खूण केली. ऑफिसात येऊन शाईने 'उघाडी' असं लिहिलंही, स्वच्छ अक्षरात. आठवड्याने त्याच जागी रस्त्याची रुंदी लिहायची वेळ आली. दोन्ही मावेनात. मी ब्लेड घेतलं आणि 'उघाडी' खरवडली.

ट्रेसिंग पेपरवर शाई खरवडली की तिथला कागद खडबडीत होतो. नखाने कितीही घासा, वर लिहिलेली शाई जरा फुटतेच. म्हणून त्या ड्रॉइंगच्या प्रत्येक अमोनिया प्रिंटवर 'रस्ता ३० मीटर' या अक्षरांभोवती एक धुरकट डाग येत राहिला. साहेबांनी एकदा विचारलं, 'हे काय घाण केलंय?' मी म्हणालो, शाई पसरली. उघाडी गेल्यावर त्या भागात पावसाचं पाणी तुंबतं, असं नंतर ऐकत राहिलो. ती जागा माझ्या डागाखालचीच का, हे जाऊन बघायची हिंमत केली नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर : हो, लिहून ठेवलंय, टोळीच्या नावाने, क्षेत्रफळासह. पण एक गंमत बघा. ऑरेंजच्या उत्तरेला आजही एक गाव आहे, साँ-पॉल-त्र्वा-शातो. 'त्र्वा-शातो' म्हणजे तीन किल्ले. किल्ल्यांचा आणि या नावाचा काही संबंध नाही. 'ट्रिकास्तिनी' हा शब्द तोंडात झिजत झिजत लोकांना 'तीन किल्ले' असा ऐकू येऊ लागला आणि कागदावरही तसाच चढला. त्या भागाला अजून ट्रिकास्तँ म्हणतात. तिथल्या अणुवीज केंद्राचंही तेच नाव. सैनिकांना दिलेल्या प्लॉटचे नंबर आज फक्त संग्रहालयात आहेत.

तुम्ही रोज ठाणे–वाशी गाडीतून उतरता त्या स्टेशनच्या पाटीवर सेक्टरचा नंबर लिहिलेला नाही, घणसोली लिहिलंय. तरी स्टेशनच्या भरवशावर राहू नका. आजी असतील तर एक रविवार काढा, त्यांना गावात फिरवा, आणि कुठे काय होतं ते वहीत लिहून घ्या : खलाटीची नावं, विहिरी, होळीची जागा, उघाडी कुठे होती. सेक्टरच्या नकाशाची झेरॉक्स न्या आणि त्याच्यावरच लिहा. अक्षरं एकमेकांवर आली तर येऊ द्या.

प्रश्न : माहेर सोलापूर, सासर कोल्हापूर, २२ वर्षं ऐरोलीत सेक्टर ८ मध्ये. मुलाला कॉलेजात विचारलं, 'गाव कोणतं?' तर तो 'सेक्टर ८' म्हणाला आणि सगळे हसले. जुन्या काळी अशा लोकांना गाव असायचं का? (एक आई, ऐरोली)

ताई, मुलाने खरं ते सांगितलं. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांचं गाव दिवाळीत दोन दिवसांचं असतं.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर साउथ शील्ड्स इथे १८७८ मध्ये एक थडग्याचा दगड मिळाला. रोमन साम्राज्याचं ते पार उत्तरेचं टोक. दगडावर वेताच्या खुर्चीत बसलेली बाई आहे. एका हाताने दागिन्यांची पेटी उघडतेय, मांडीवर चाती, बाजूला लोकरीच्या गुंड्यांची टोपली. चेहरा तेवढा फुटलाय. नाव रेजिना, म्हणजे राणी. ती दक्षिण इंग्लंडमधल्या काटुव्हेलौनी टोळीची. आधी गुलाम होती, मालकाने तिला मुक्त केलं आणि तिच्याशीच लग्न केलं. वयाच्या तिसाव्या वर्षी गेली. नवऱ्याचं नाव बाराटेस, गाव पाल्मिरा. म्हणजे सीरियाचं वाळवंट.

लेख लॅटिनमध्ये आहे आणि त्यात व्याकरणाच्या चुका आहेत. त्याखाली एकच ओळ पाल्मिराच्या लिपीत. तिथे ना टोळी, ना वय. 'रेजिना, बाराटेसने मुक्त केलेली. हाय!' शेवटचा शब्द 'हबल'. पाल्मिरातल्या थडग्यांवर हाच शब्द लिहायची रीत होती. त्या गावात तो वाचू शकणारे किती असतील? बहुतेक एक तोच. लॅटिनमध्ये अडखळणाऱ्या माणसाची ती ओळ मात्र सफाईने कोरलेली आहे.

मुलाला सोलापूरचं आणि कोल्हापूरचं दोन्ही बोलणं येतं का? येत असेल तर हसू द्या त्यांना.

प्रश्न : मी पेंटर. पाट्या रंगवतो. दोन भाषांची पाटी आली की वर कोण, खाली कोण, यावरून दुकानदाराशी वाद होतो. रोमन लोकांचा नियम काय होता? (जांभळी नाक्याजवळून)

आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे : मराठी देवनागरीत, आणि बाकीच्या अक्षरांहून लहान नाही. रोमनांकडे सत्ता ज्याची त्याची भाषा वर. लिबियात लेप्टिस माग्ना इथे थिएटरवर इ.स. १–२ मधला लेख आहे. वर लॅटिन, खाली तिथली प्यूनिक. पण थिएटर बांधणाऱ्या धनिकाचं नाव वाचा : आन्नोबाल टापापियस रूफस. शेवटचं तेवढं रोमन. पहिलं म्हणजे हॅनिबलच, कार्थेजच्या सेनापतीचं नाव, ज्या नावाने दोनशे वर्षांपूर्वी रोमची झोप उडवली होती. रोमच्या सम्राटाच्या गौरवाच्या लेखात, लॅटिन अक्षरांत, त्याने तेच नाव कोरून घेतलं. पाटी कोण रंगवतो त्यावर बरंच असतं, हे तुम्ही जाणताच.

प्रश्न : आमच्या बाई म्हणाल्या ठाणे खूप जुनं शहर आहे. मग इथे जुनं काहीच का दिसत नाही? (इयत्ता सातवी, चरई)

तुझं पत्र सगळ्यांत चांगल्या अक्षरात होतं. मी अक्षराला मार्क देतो.

बाईंचं बरोबर आहे. हजार वर्षांपूर्वी इथे शिलाहार राजे होते आणि या गावाला श्रीस्थानक म्हणत. त्या 'स्थानक'चं झिजून 'ठाणे' झालं. रेल्वेला आपण आज पुन्हा 'स्थानक' म्हणतो, म्हणजे 'ठाणे स्थानक' असं म्हणताना तू एकच शब्द दोनदा म्हणतोस. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात कामासाठी खोदताना शिलाहार राजा अरिकेसरीचा इ.स. १०१७ चा ताम्रपट सापडला. तांब्याचे पत्रे, त्यावर जमिनीचं दान कोरलेलं. अशा ताम्रपटांत गावाच्या चारही बाजूंना काय आहे ते शब्दांत लिहिलेलं असतं : पूर्वेला अमुक गाव, पश्चिमेला नदी. रेघ न मारता काढलेला नकाशा. मला ती माणसं फार आवडतात.

तो किल्ला अजून आहे. भिंती बाहेरून बघायला मिळतात. आत जायची घाई करू नकोस, आत जेल आहे.